पेलेट तोलण्यासाठी काटा कसा निवडावा: एअर रायफल नेमबाजांसाठी

दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत वापरला जाणारा पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. जुन्या सराफी मापात सांगायचं तर सव्वाचार गुंजांच्या जरा वर. एवढ्याशा शिशाच्या तुकड्याचं वजन मिलिग्रॅमपर्यंत खरं सांगेल असा काटा कोणता, तो दुकानात कसा तपासायचा आणि घरी आणल्यावर कसा वापरायचा, हे इथे सविस्तर लिहितो आहे. सांगली, मिरज, सातारा भागातल्या पालकांकडून हा प्रश्न वारंवार येतो. मुलगा किंवा मुलगी वर्ष-दोन वर्षं रेंजवर जाते, गुण एका जागी अडकतात, आणि मग कुणीतरी सांगतं की पेलेट तोलून वापरा. पालक लगेच ऑनलाइन काटा मागवतात आणि बहुतेक वेळा चुकीचा मागवतात.

सुरुवातीलाच एक खुलासा. परदेशी व्हिडिओंमध्ये रायफलची काडतुसं घरी भरताना दाखवतात. त्यात दारू मोजायचं यंत्र असतं, दाणेदार दारू त्यातून ठरावीक मापाने पडते. ते आपल्यासाठी नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, तेव्हा घरी काडतुसं भरण्याचा विचारही करू नये. शिवाय ५० मीटरला लागणारं .२२ चं काडतूस रिमफायर असतं, म्हणजे त्याचा ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो; ते एकदा उडालं की पुन्हा भरण्याजोगं राहत नाही. आपल्या नेमबाजाच्या हातात घरी तपासण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे एअर रायफलचा पेलेट. त्या व्हिडिओंमधून मागवलेले काटेही आपल्या उपयोगाचे नाहीत, कारण त्यांतले बरेचसे ग्रेनमध्ये मोजतात आणि ०.१ ग्रेनच्या पायरीने पुढे सरकतात. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. म्हणजे त्या काट्याची एक पायरी साडेसहा मिलिग्रॅमची झाली. दारूसाठी ती ठीक असेल, पेलेटसाठी फारच जाड आहे.

काट्याची गरज आहे का, हे आधी ठरवा

हे गणित प्रत्येक पालकाने एकदा कागदावर करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. स्पर्धेच्या रायफलमधून पेलेट सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो. दहा मीटर जायला त्याला साधारण ०.०५८ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने सोळा-सतरा मिलिमीटर खाली येतो. रायफलचं साइट ही घसरण गृहीत धरूनच लावलेलं असतं. आता एखादा पेलेट ५ मिलिग्रॅमने जड निघाला, म्हणजे जवळपास एक टक्का. हवेची ऊर्जा तेवढीच असल्यामुळे त्याचा वेग साधारण अर्ध्या टक्क्याने कमी होतो, आणि तो नेहमीच्या जागेपेक्षा सुमारे ०.१७ मिलिमीटर खाली लागतो.

हे ०.१७ मिलिमीटर गुणांत किती होतात? दहा मीटरच्या टार्गेटवर एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात, आणि दशांश गुणाची प्रत्येक पायरी ०.२५ मिलिमीटरची असते. १०.९ वरून १०.८ वर यायला पेलेट पाव मिलिमीटर सरकावा लागतो. म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या फरकाने एक दशांश गुणसुद्धा पूर्ण जात नाही. पण एखादा पेलेट २० मिलिग्रॅमने वेगळा निघाला, तर तो सहा-साडेसहा दशांश मिलिमीटर सरकतो आणि पाव गुणाच्या आसपास नुकसान होतं. स्पर्धेत ६० शॉट असतात आणि पात्रतेची रेषा कित्येकदा एका-दोन दशांशांवर ठरते. तिथे असा एक पेलेटही महाग पडू शकतो.

आता दुसरी बाजू. ज्या मुलाची सरासरी ९.५ आहे, त्याचा पेलेट सरासरीने केंद्रापासून पावणेचार मिलिमीटरवर लागतो आहे. त्याच्यापुढे काट्याने मिळणारा फायदा नगण्य आहे. अशा मुलासाठी काटा घेऊ नका. तोच पैसा चांगल्या बुटांत, जाकिटात किंवा रेंजवरच्या जास्तीच्या तासांत घाला. सरासरी १०.२-१०.३ च्या पुढे जाऊन तिथे टिकली की मग काट्याचा विचार करावा. आणि तेव्हाही काट्याचं काम एवढंच समजावं: डब्यातले बिघडलेले, भरकटलेले पेलेट पकडून बाहेर काढणं. दोन मिलिग्रॅमचा फरक हुडकत रात्र घालवण्यात अर्थ नाही.

काट्याआधी लॉट

पेलेट निवडताना सगळ्यात जास्त फरक पडतो तो लॉटने, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाने. आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी यांसारख्या स्पर्धेच्या दर्जाच्या डब्यांवर वजनाबरोबर डोक्याचा व्यासही छापलेला असतो: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१ असा. शिवाय लॉट क्रमांक असतो. एकाच कंपनीच्या, एकाच व्यासाच्या दोन वेगवेगळ्या लॉटचे पेलेट तुमच्या बॅरलमधून वेगळे वागू शकतात. शेजारच्या लेनवरच्या मुलाला जो लॉट उत्तम चालतो, तो तुमच्या रायफलला चालेलच असं नाही. बॅरलचा आतला व्यास आणि आटे (आतल्या पिळदार खाचा) यांत सूक्ष्म फरक असतातच.

म्हणून आधी तीन-चार लॉटचा एकेक डबा घ्या, किंवा रेंजवरच्या मंडळींनी मिळून वाटून घ्या. रायफल बेंचवर पक्की बसवून, शक्यतो क्लॅम्पमध्ये धरून, प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे काही ग्रुप मारा. कागदावर दहा पेलेटचं मिळून एक भोक पडतं, त्याचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. साधारण सहा मिलिमीटरच्या आत सातत्याने येणारा लॉट चांगला. एखादाच ग्रुप सुंदर आला म्हणून भुलू नका, सगळ्या ग्रुपमधला सर्वांत वाईट कोणता ते पाहा. रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधला दाब चाचणीभर पुरेसा ठेवा, आणि लॉट बदलल्यावर पहिले काही शॉट मोजू नका, बॅरलला नवीन पेलेटची सवय होऊ द्या. ही चाचणी रेंजवरच करावी, प्रशिक्षक जवळ असताना. घराच्या व्हरांड्यात नको.

आवडलेला लॉट सापडला की त्याच लॉटचे परवडतील तितके डबे एकदम घेऊन ठेवावेत. पुढच्या खेपेला तोच लॉट मिळेल याचा भरवसा नसतो.

काटा किती बारीक हवा

बाजारात तीन पायऱ्यांचे काटे दिसतात. पहिला ०.०१ ग्रॅमचा, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या पायरीचा. किराणा, मसाले, प्रोटीन पावडर यांसाठी तो चांगला. पण ०.५२५ आणि ०.५३४ ग्रॅमचे दोन्ही पेलेट तो ०.५३ च दाखवेल. घेऊ नये.

दुसरा ०.००१ ग्रॅमचा, म्हणजे १ मिलिग्रॅमचा. आपल्याला हाच हवा. यात पुन्हा दोन जाती आहेत. एक म्हणजे खिशात मावणारा, २० किंवा ५० ग्रॅम क्षमतेचा, लोडसेलवर (भाराने किंचित वाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) चालणारा स्वस्त काटा. दुसरा म्हणजे सराफ किंवा प्रयोगशाळा वापरतात तो, काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या पेटीतला मोठा काटा. तो बहुधा विद्युतचुंबकीय पद्धतीने वजन पेलतो आणि तासन्‌तास स्थिर राहतो. फरक दोन्हींच्या किमतीत बराच आहे. एकट्या घरासाठी खिशातला काटा, नीट पारखून घेतला तर, पुरतो. रेंज किंवा क्लब मिळून घेत असेल तर मोठा घ्यावा, दहा-बारा मुलांना तो वर्षानुवर्षं पुरेल.

तिसरा ०.०००१ ग्रॅमचा, महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात दिसतो तसा. वरचं गणित पुन्हा पाहा: एक दशांश मिलिग्रॅमने टार्गेटवर काय होणार? काहीही नाही. शिवाय तो श्वासालाही हलतो. तो मोह टाळावा.

आकड्यांच्या पायरीवर मात्र फसू नका. पडद्यावर तीन दशांश स्थळं दिसली म्हणजे काटा मिलिग्रॅमपर्यंत खरा आहे असं होत नाही. खरा प्रश्न असा आहे की तोच पेलेट पुन्हा पुन्हा ठेवला तर तोच आकडा येतो का. याला पुनरावृत्ती म्हणतात आणि आपल्या कामात हाच गुण सर्वांत महत्त्वाचा. काटा सगळ्या पेलेटचं वजन सारखंच तीन मिलिग्रॅमने जास्त दाखवत असला तरी निवड बिघडत नाही. दर वेळी वेगळं दाखवत असला तर तो कचरा आहे.

सराफ कट्ट्याचा फायदा

आपल्या भागाचं एक बळ आहे, ते इथे कामाला लावावं. सांगलीचा सराफ कट्टा जवळ आहे, आणि खानापूर, आटपाडी, विटा भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यात आहेत. मिलिग्रॅमच्या काट्याची पारख असलेली माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात. काटा विकणारे आणि दुरुस्त करणारेही सराफांच्याच ओळखीने मिळतात. ऑनलाइन मागवण्यापेक्षा अशा दुकानात जाऊन, हाताळून घ्यावा. पुढे बिघडला तर नेऊन देता येतो, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

वैधमापनाच्या नियमात बसणाऱ्या काट्यावर एक पट्टी असते. तिच्यावर कमाल वजन, किमान वजन, आणि ‘ई’ व ‘डी’ अशी दोन अक्षरं व त्यांपुढे आकडे असतात. ‘डी’ म्हणजे पडद्यावरची सर्वांत लहान पायरी, ‘ई’ म्हणजे पडताळणीसाठी धरलेली पायरी. आपल्याला ‘डी’ १ मिलिग्रॅम हवी. किमान वजन पेलेटच्या वजनापेक्षा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षा, बरंच खाली असावं. स्वस्त खिसाकाट्यांवर ही पट्टी बहुधा नसते. घरगुती वापराला वैधमापन खात्याच्या पडताळणीच्या शिक्क्याची गरज नाही, पण पट्टी असलेला काटा मिळाला तर त्याच्या दाव्याला आधार असतो.

एक कळकळीची विनंती. सराफाच्या काट्यावर तपासणीसाठी पेलेट ठेवताना आधी विचारा, आणि स्वतःचा स्वच्छ कागद किंवा प्लास्टिकची वाटी ठेवून मगच पेलेट ठेवा. शिशाचा अगदी थोडा अंशही सोन्यात गेला तर सोनं ठिसूळ होतं. कारागिराच्या दृष्टीने हा गंभीर अपराध आहे आणि त्याची नाराजी रास्त असेल.

दुकानात तपासणी अशी करा. काटा सुरू करून किमान पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. तेवढ्या वेळात गप्पा मारा, चहा घ्या, पण काट्याला घाई करू नका. मग एक पेलेट चिमट्याने उचलून पलड्याच्या मध्यावर ठेवा, आकडा लिहा, काढा, शून्य होऊ द्या, पुन्हा ठेवा. असं दहा वेळा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यात दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंतर असेल तर तो काटा ठेवून द्या आणि दुसरा मागा. त्यानंतर तोच पेलेट पलड्याच्या चारही कडांवर ठेवून पाहा. आणि शेवटी पेलेट पलड्यावर तसाच ठेवून पाच मिनिटं थांबा. आकडा हळूहळू सरकत गेला तर लोडसेल कच्चा आहे.

काट्याबरोबर येणारं तपासणीचं वजन बहुधा २०, ५० किंवा १०० ग्रॅमचं असतं. कॅलिब्रेशनला ते लागतंच, पण आपण अर्ध्या ग्रॅमच्या आसपास काम करणार, तेव्हा ५०० मिलिग्रॅमचं एक वेगळं वजन घ्या. एफ-२ या अचूकतेच्या वर्गाचं पुरे. ते कधीही बोटाने धरू नका, घामाचा थर बसतो. प्लास्टिकच्या टोकाचा चिमटा वापरा आणि डबीतच ठेवा.

घरी मांडणी

जागा स्थिर हवी. कडाप्प्याचा एखादा तुकडा जड टेबलावर ठेवून त्यावर काटा ठेवला तर धक्के कमी बसतात. स्वयंपाकाचा ओटा कडाप्प्याचा आहे आणि सरळ आहे म्हणून तिथे बसू नका. शिसं आणि अन्न एका जागी येता कामा नये.

पंखा बंद, खिडकी बंद. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत दुपारी हे शक्य नसतं, तेव्हा सकाळी लवकर बसावं. सकाळी खोलीचं तापमानही फार बदलत नाही, आणि लोडसेलला तापमानाचा बदलच सर्वांत जास्त बाधतो. काट्याला झाकण नसेल तर पारदर्शक प्लास्टिकचा डबा उलटा ठेवून एका बाजूने हात जाईल एवढी फट कापा. वीज कमी-जास्त होत असेल तर ॲडॉप्टरपेक्षा ताज्या बॅटरीवर काटा चालवणं बरं. नायलॉनचे कपडे घालून बसू नका, विशेषतः थंडीत: स्थिर विजेने आकडे उगाच नाचतात. मोबाइल काट्यापासून लांब ठेवा.

स्वस्त काट्यांत एक खोड असते, ती माहीत असली तर काम सोपं होतं. शून्याजवळच्या बारीक बदलांना ते आपणहून शून्यच समजतात. म्हणून पलड्यावर आधीच पाच-दहा ग्रॅमचं एखादं वजन ठेवा, टेअरचं बटण दाबून शून्य करा, आणि त्यावर पेलेट ठेवा. काटा थोड्या ओझ्याखाली जास्त शहाण्यासारखा वागतो.

प्रत्यक्ष निवड

तोलण्याआधी डोळ्यांनी पाहा. पेलेट मऊ शिशाचा असतो, त्याचा मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, सहज दबतो. हवेचा दाब आल्यावर हाच स्कर्ट फुलून बॅरलच्या आट्यांना घट्ट बसतो. तो एका बाजूने चेपलेला असेल तर हवा निसटते आणि पेलेट वाकडा निघतो. असा पेलेट वजनाने अगदी अचूक असला तरी निरुपयोगी. चेपलेला स्कर्ट काटा कधीच पकडू शकत नाही, तो डोळाच पकडतो. घड्याळवाले किंवा सराफ वापरतात ते दहापट भिंग आणि चांगला दिवा पुरे.

काचेचा एक तुकडा किंचित तिरका धरून त्यावरून पेलेट घरंगळत सोडणं हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. डोकं आणि स्कर्ट यांचा व्यास वेगळा असल्यामुळे पेलेट सरळ न जाता वळत जातो. चांगले पेलेट एकसारखं वळण घेतात. जो डुगडुगतो किंवा भलतीकडे जातो तो बाजूला काढा. डोक्याचा व्यास मोजायचं गेजही मिळतं, पण लॉटची चाचणी नीट केली असेल तर ते घेण्याची मला गरज वाटत नाही.

मग तोलणं. आधी डब्यातले कुठलेही तीस पेलेट तोलून आकडे लिहा. त्यावरून लॉटचं खरं मधलं वजन कळतं. डब्यावरच्या ०.५३ ला चिकटून राहू नका, तुमचा लॉट ०.५२७ चाही असू शकतो आणि त्यात काही बिघडत नाही. त्या मधल्या वजनाच्या आजूबाजूला तीन मिलिग्रॅमपर्यंतचे पेलेट एका कप्प्यात, त्यापलीकडचे हलके दुसऱ्यात, जड तिसऱ्यात. एवढे तीन कप्पे पुरेत. पहिला कप्पा स्पर्धेसाठी, बाकीचे सरावाला. पाच-सहापेक्षा जास्त कप्पे करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा वेळ जातो आणि गुण तिथेच राहतात.

दर पन्नास पेलेटनंतर ५०० मिलिग्रॅमचं वजन ठेवून पाहा. आकडा सरकला असेल तर पुन्हा शून्य करा. एका पेलेटला सहा-सात सेकंद धरले तर ५०० चा डबा तासाभरात होतो. पण डोळे आणि मान थकतात, अर्ध्या डब्यावर थांबलेलं बरं. चांगल्या लॉटमध्ये बाद होणारे पेलेट फार थोडे निघतील. ढिगाने निघू लागले तर लॉट वाईट आहे किंवा काटा. आधी काटा तपासा.

शिसं हे विष आहे

हा भाग वाचल्याशिवाय कुणी पेलेट हातात घेऊ नये. मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक एक प्रमाण सुरक्षित आहे, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही: सुरक्षित पातळी माहीतच नाही. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि तो भरून येत नाही.

म्हणून तोलण्याचं काम मोठ्या मुलाने किंवा पालकाने करावं, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर वेगळ्या खोलीत. काम चालू असताना खाणं-पिणं, तंबाखू, सुपारी काहीही नको. पेलेट तोंडात धरण्याची सवय काही नेमबाजांना असते, ती दिसली की तिथल्या तिथे मोडा. टेबलावर जुना कागद पसरा आणि काम झाल्यावर गुंडाळून वेगळ्या पिशवीत टाका. नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसा. झाडू मारला तर शिशाची धूळ हवेत उडते. ते फडकं इतर धुण्यात टाकू नका. शेवटी साबणाने हात स्वच्छ धुवा, नखांसकट.

बाद झालेले आणि रेंजवरच्या ट्रॅपमधले (टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीतले) पेलेट कचऱ्यात फेकू नयेत, परसात तर मुळीच नाही. झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत भंगार व्यावसायिकाला द्यावेत. घरी चुलीवर वितळवून काही बनवण्याच्या फंदात कुणी पडू नये, त्या धुराने घरातल्या सगळ्यांना अपाय होतो.

साठवण

निवडलेले पेलेट पुन्हा मूळ डब्यात ओतले की एकमेकांवर आपटून स्कर्ट चेपतात आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. स्पंजच्या खाचांचे डबे मिळतात, त्यांत एकेक पेलेट डोकं खाली करून बसवा. स्पर्धेसाठी ६० मुख्य शॉट आणि तेवढेच सराव-शॉटसाठी व राखीव म्हणून धरले तर एका स्पर्धेला सव्वाशे पेलेट तयार हवेत. डब्यावर लॉट क्रमांक, मधलं वजन आणि तारीख लिहा.

पावसाळ्यात काळजी जास्त घ्यावी लागते, विशेषतः महाबळेश्वर, जावळी, पाटणकडच्या ओलसर हवेत. दमट जागी शिशावर पांढरी भुकटी येते. असे पेलेट पुसून वापरायचे नाहीत, सरळ बाद करायचे, आणि ती भुकटी हाताने झटकायची नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवली की बहुतेक त्रास टळतो. पुडीतले दाणे रंग बदलणारे असतील तर रंग पालटला की पुडी बदला. काट्यालाही त्याच कपाटात, पलड्यावर काहीही न ठेवता, बॅटरी काढून ठेवा. पुढच्या खेपेला तो बाहेर काढाल तेव्हा पहिलं काम ५०० मिलिग्रॅमच्या वजनाने त्याची परीक्षा घेण्याचं.